नार्सिसा बघत नाही

नार्सिसा याग्वाल माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, ही तक्रार आमच्या वस्तीत जुनी होती. तुम्ही समोर उभे, तुम्ही विचारताय की बाई कशा आहात, आणि तिची नजर तुमच्या कानापलीकडे, भिंतीवर नाहीतर रस्त्यावरून जाणाऱ्या केळ्यांच्या गाडीवर. आमच्या ग्वायाकील बंदराच्या माणसाला रुसायला एवढं कारण पुरतं. "मेडलं काय मिळाली, बाईसाहेबांच्या नजरेत माणूस मावेना झाला," असं मासळीवाली एर्मिंदा तिच्यामागे म्हणायची, आणि एकदा तर तोंडावर म्हणाली. नार्सिसाने ते ऐकून घेतलं, दारातल्या मांजराकडे बघत मासा निवडला आणि घरी गेली.

मला कोडी घालायची हौस नाही, तेव्हा आत्ताच सांगून टाकते. तिला दिसत नव्हतं. म्हणजे सगळं दिसायचं, पण जिथे बघावं नेमकं तेवढंच दिसायचं नाही. दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मध्यावर एक काळा डाग बसला होता. तोंडाकडे बघितलं की तोंड नाहीसं, केस आणि खांदे शिल्लक. तोंड बघायचं तर नजर बाजूला न्यायची, मग डोळ्याच्या कडेला ते यायचं, जरा धुरकट, पण यायचं. म्हणजे ही बया आपल्याकडे बघत नाही असं आम्हाला वाटायचं, तेव्हाच ती बिचारी आम्हाला बघत असायची. एर्मिंदाचं सोडा, माझंही सोडा, आम्ही परकी माणसं. पण तिची पोटची पोर, लेओनिला, तिचाही हाच समज होता की आई माझ्याकडे बघत नाही. त्या एका समजाने त्या घराचं वाटोळं केलं.

नार्सिसा खाडीकाठची. बाप खारफुटीच्या चिखलात हात घालून काळे शिंपले काढायचा आणि पोरं ते अलीकडे आणायची. होडी कुठली असायला. शिंपल्यांची जाळी पोटावर घ्यायची आणि उताणं पोहत यायचं, हात मागे टाकत, पाय मारत. जाळी हलता कामा नये. शिंपले सांडले तर बाप त्या दिवशीच्या भातातून ते वसूल करायचा. बाकीची पोरं गटांगळ्या खात, एकमेकांवर पाणी उडवत यायची. ही मात्र गप्प, आभाळाकडे तोंड करून, सरळ. तिच्या पोटावर पाण्याचा थेंब चढत नसे असं तिची आई ओतिलिया सांगायची, आणि ओतिलिया काही पोरीचं कौतुक करणाऱ्यांतली नव्हती.

ही ओतिलिया एका मोठ्या क्लबाचे टॉवेल धुवायची. त्या क्लबाला तलाव होता, आणि तलावावर पोहायला शिकवणारा एवारिस्तो होता, आम्ही मानाने डॉन एवारिस्तो म्हणायचो. हाडकुळा, टक्कल पडलेला, सदा रागावलेला. त्याने एकदा ओतिलियाच्या पोरीला खाडीत पाहिलं आणि तो तिथेच चिखलात उभा राहिला.

"ही कोणाची?" त्याने विचारलं.

"माझीच. का, काय केलं तिने?"

"अजून काही नाही. उद्यापासून पाठवून दे. दुपारी."

दुपारीच का, तर सकाळ-संध्याकाळ तलाव साहेबलोकांचा. बारा वाजले की ती मंडळी जेवायची आणि पंख्याखाली आडवी व्हायची. मग दोन तास नोकरांच्या, धोबिणींच्या, मासेमारांच्या पोरांना पाण्यात उतरायला परवानगी. त्यातही मागच्या दाराने. डॉन एवारिस्तोने कधी सकाळ मागितली नाही. "मागितली तर दुपारही जाईल," म्हणायचा. मला त्या म्हाताऱ्याचा राग येतो. मग ते पंख्याखाली घोरणारे आठवतात आणि त्यांचा जास्त येतो.

आता उताणं पोहणाऱ्याची अडचण अशी, की पालथा पोहणारा तळावरची काळी रेघ बघत सरळ जातो, उताण्याच्या डोळ्यांपुढे नुसतं आभाळ. आभाळावर रेघ कोण मारणार? चांगले चांगले पोहणारे वाकडे जातात, शेजारच्याच्या वाटेची हद्द दाखवणाऱ्या दोरीला थडकतात, शर्यत घालवतात. श्रीमंत देशांत तलावावर छप्पर असतं, छपराच्या तुळया बघत जाता येतं. आमच्याकडे छप्पर नव्हतं. पण आमच्याकडे दुपारचा सूर्य होता. इथे तो बाजूला, कोपऱ्यात राहत नाही. बाराला टाळूवर येतो आणि तिथेच ठाण मांडतो.

"तो दोन भुवयांच्या मध्ये धर," डॉन एवारिस्तो म्हणाला. "डावीकडे सरकला तर तू उजवीकडे चाललीस. उजवीकडे सरकला तर डावीकडे. मध्ये ठेव आणि हाण हात."

"डोळे दुखतात."

"मग पापण्या अर्ध्या मिट. आणि रडायचं असेल तर पाण्यातच रड, कोणाला कळणार नाही."

तिने पापण्या काही दिवस अर्ध्या मिटल्या. मग तिला कळलं की पूर्ण उघड्या ठेवल्या तर आणखी सरळ जाता येतं. जिद्दी पोर. पाण्यात घालायच्या चष्म्यांचं तेव्हा आमच्या लोकांनी नावही ऐकलं नव्हतं. पाच-सहा वर्षं, रोज भरदुपारी, ती उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत पोहली. सूर्याकडे बघू नये हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डॉन एवारिस्तोला ठाऊक होतं, ओतिलियाला होतं, आम्हा सगळ्यांना होतं. पण ती जिंकत होती ना. जिंकणाऱ्याला कोण शहाणपण शिकवतो?

आणि कशी जिंकायची. आधी शहर, मग देश, मग लिमाला जाऊन सगळ्या खंडाच्या पोरींना तिने मागे टाकलं. अर्जेंटिनाची उंच पोर होती, हिच्यापेक्षा वीतभर लांब हातांची. ती दोनदा दोरीला घासली. नार्सिसा सुताने आखल्यासारखी गेली आणि भिंतीला हात लावून मोकळी झाली. ती परत आली तेव्हा आगीच्या बंबावर बसवून तिची मिरवणूक काढली. बंबवाल्यांनी घंटा वाजवल्या. न्हाव्यांनी दुकानात तिचे फोटो लावले. क्लबाने तिला मेजवानी दिली, त्या दिवशी तिला पुढच्या दाराने आत घेतलं, आणि दुसऱ्या दिवशीपासून परत दुपार.

डाग तोवर आला होता. पोहून उठल्यावर डोळ्यांपुढे हिरवा ठिपका नाचतो हे त्या तलावावरच्या प्रत्येक पोराला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत जायचा. मग नार्सिसाचा दुसऱ्या सकाळपर्यंत राहायला लागला. लिमाहून आल्यावर तो गेलाच नाही, उलट काळा झाला. तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढची स्पर्धा गेली असती, आणि स्पर्धा गेली की शिंपले. एवढं साधं होतं ते.

खेळाडूंची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. तिने आधीच्या पोरीने वाचलेली ऐकून पाठ केली होती. राहिलेली मान किंचित वळवून, कडेने टिपली. शेवटची ओळसुद्धा म्हणून दाखवली. डॉक्टर खूश. वर्तमानपत्रात छापून आलं, की आपल्या विजेतीला गरुडाचे डोळे आहेत. ओतिलियाने तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला. पोरीचं कौतुक करायची तिला तेवढी एकच बुद्धी झाली, तीही नको तिथे.

तिची शेवटची शर्यत आमच्याच गावात झाली. सगळा गाव लोटला होता, झाडांवर माणसं बसली होती. आणि त्या दिवशी नेमकं मळभ. जूनमधलं आमचं आभाळ असतं तसं, पांढरं, जाड, पाऊस नाही आणि ऊनही नाही. नार्सिसा पाण्यात उतरली, उताणी झाली आणि वर बघते तर दोन भुवयांच्या मध्ये धरायला काही नाही. ती घाबरली. पहिल्यांदा तिचा खांदा दोरीला लागला, लोक म्हणाले काही हरकत नाही. मग पुन्हा लागला. भिंत जवळ आली हे कळावं म्हणून अलीकडे पताकांची दोरी बांधलेली असते. त्या दिसल्या की हात मोजायचे आणि वळायचं. पांढऱ्या आभाळात पताका कधी आल्या, कधी डोक्यावरून मागे गेल्या, तिला समजलं नाही. पूर्ण वेगात तिचं डोकं भिंतीवर आपटलं. त्या आवाजाने झाडांवरची माणसं खाली उतरली.

डॉन एवारिस्तो कपड्यांसकट पाण्यात उडी मारून तिला बाहेर घेऊन आला. "पताका दिसल्या नाहीत का गं तुला?" तो सारखा विचारत होता. "पताका, पोरी, पताका."

"दिसल्या," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मोजायला चुकले."

जगज्जेती व्हायची ती पोर तिथे संपली. लग्न ठरलंय म्हणून पोहणं सोडते, असं तिने सांगितलं, आणि मग ते खरं करण्यासाठी लग्न केलं. नवरा लिसान्द्रो, बंदरात केळ्यांचे घड मोजणारा. दिसायला बरा, मनाने संशयी. तो बोलायला लागला की हिची नजर दाराकडे. तो उठून दारात बघून यायचा.

"कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग तिकडे काय बघत होतीस?"

"तुलाच बघत होते," ती म्हणायची. खरं सांगायची बाई, पण असलं खरं कोणाला पटणार? पोर पाळण्यात असतानाच तो एक दिवस केळ्यांबरोबर बोटीवर चढला आणि परत आला नाही.

नार्सिसाला म्युनिसिपालिटीने तलावावर मुलांना शिकवायची नोकरी दिली होती. विजेती म्हणून. घर त्यावर चालत होतं. आता अर्धवट दिसणाऱ्या बाईच्या हाती कोणी मुलं सोपवेल का? तेव्हा हे बाहेर फुटता कामा नये. तिने एक युक्ती काढली. तिच्या वर्गात पाण्यात असेपर्यंत प्रत्येक मुलाने गायचं. कसलंही गाणं, कितीही बेसूर, पण गात राहायचं. सगळ्या गावाला त्याचं कौतुक. बाई किती हौशी, बाई मुलांना किती रमवते. ती काठावर बसून कान टवकारून आवाज मोजत असायची, आणि एखादा थांबला की कपड्यांसकट पाण्यात. तिच्या हातून एकही मूल दगावलं नाही. पण घरी आल्यावरही ती बोटांवर काहीतरी मोजत बसायची, ते मी पाहिलंय.

आता निला. लेओनिलाला सगळे निलाच म्हणत. ती अंगावर प्यायची तेव्हापासून आईची नजर खिडकीकडे. तान्ह्या पोराला काय कळतं म्हणतात, पण त्याला तेवढंच कळतं. ते आईच्या डोळ्यांत बघायला जातं. ही हनुवटी वळवून, डोळ्याच्या कडेने, पोरीच्या भुवया बघायची, हसताना तिच्या गालावर पडणारी खळी बघायची. रोज बघायची, आणि पोट भरायचं नाही. सरळ बघितलं की पोर नाहीशी व्हायची आणि ही घाईने मान परत वळवायची. तिला तिच्या लेकीचं तोंड एकदा, एकदाच, समोरून बघायचं होतं. देवाकडे तिने दुसरं काही मागितल्याचं मला माहीत नाही.

शाळेत निलाने एकदा नाच केला. नार्सिसा पहिल्या रांगेत, आणि नाचभर तिची नजर बाजूच्या खांबावर. पोर अर्ध्यात थांबली, स्टेजवरून उतरली आणि चालत घरी आली.

"खांब छान होता का?" तिने आईला विचारलं. नऊ-दहा वर्षांची असेल.

"मी तुझाच नाच बघत होते, बाळा. तिसऱ्या गिरकीला तुझी रिबीन सुटली. मग तू ती दातात धरलीस."

निला केसांतली रिबीन सोडायला लागली. हे हिला कसं कळलं, असा विचार तिच्या मनात आला असेल तर तो टिकला नाही. शेजारणीने सांगितलं असेल, असं तिने ठरवलं. त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. नार्सिसाच्या ओठांवर आलंही होतं. पण मूल आहे, बाहेर बोलेल, नोकरी जाईल, मग खायचं काय? जरा मोठी झाली की सांगू, असं म्हणत तिने गिळून टाकलं. आणि पोर मोठी झाली तशी आईशी बोलेनाशी झाली. घरात दोन बायका, आणि बोलणं काय तर मीठ संपलंय, पाणी आलंय.

अठरा संपल्यावर निलाने सांगितलं की ती मैत्रिणीबरोबर देश सोडून काराकासला चालली आहे. तिथे तेलाचा पैसा, शिवणकामाला मागणी. परत येणार का, तर बघू. आमच्याकडे 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळतो. तिथे गेलेलं कोणी परत आलेलं नव्हतं.

तेव्हा नार्सिसाने सांगितलं. स्वयंपाकघरात, दोघी केळी सोलत होत्या तेव्हा, सगळं. दुपार, सूर्य, डाग, अक्षरं, पताका, गाणी. मी तिथेच होते, वाटीभर साखर मागायला गेले होते. तिचे डोळे त्या सूर्याने गेले हे मीही तेव्हाच ऐकलं आणि स्टुलावर बसून राहिले.

निलाने सगळं ऐकलं. मग ओतिलिया गेल्यावरही भिंतीवर राहिलेल्या त्या चौकटीकडे बोट केलं.

"गरुडाचे डोळे. डॉक्टरने सांगितलं, छापून आलंय."

"मी फसवलं त्याला."

"बरं. मी आज काय घातलंय?"

"पिवळा झगा," नार्सिसा म्हणाली.

"हातात काय आहे?"

"कच्चं केळं. आणि दुसऱ्या हातात सुरी. ती खाली ठेव, लागेल."

"आणि खिडकीबाहेर?"

"एर्मिंदाचा नवरा. आजही पिऊन आलाय."

मी मनात म्हटलं, अगं बाई, चुकीचं सांग, एकदा तरी चुकीचं सांग. नार्सिसाचंही तोंड एकदम उतरलं, म्हणजे तिलाही कळलं. जन्मभर परीक्षेत पास व्हायची सवय. कोणी विचारलं की मान इवलीशी वळवून टिपायचं आणि उत्तर द्यायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं, की आयुष्यात जी एक परीक्षा तिला नापास व्हायची होती, तीही ती पास झाली.

"निला, ते बाजूला बघितलं की दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं की..."

"म्हणजे माझ्याकडे बघितलंस तर मी दिसत नाही, आणि बघितलं नाहीस तर दिसते." निला हसली. तिचं हसणं ऐकवत नव्हतं. "फार सोयीचं आंधळेपण आहे गं तुझं. बाबा गेले तेव्हा त्यांनाही हेच सांगितलंस का?"

"त्यांना नाही सांगितलं. कोणालाच नाही."

"का?"

"नोकरी..." नार्सिसा म्हणाली.

"हं," निला म्हणाली. तिने केळं परातीत ठेवलं, सुरी ठेवली, हात धुतले आणि बॅग भरायला गेली. मी मध्ये पडायला गेले तर मला म्हणाली, "मावशी, तुम्ही साखर घ्या."

त्या आठवड्यात नार्सिसाने आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा लेकीचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला. एकदा म्हणाली, चल, दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ, तो सांगेल. निला म्हणाली, निघायची तारीख ठरली आहे, गाडी आहे, आणि तुझ्या डोळ्यांत काय आहे ते मी अठरा वर्षं बघतेच आहे. त्यानंतर नार्सिसाने तोंड मिटलं. ती रात्र रात्र झोपायची नाही, सकाळी उठून मुलांना गायला लावायची.

निघायच्या दिवशी सकाळी त्या दोघी नदीवर गेल्या. मी गेले नाही, गुडघे धरले होते. पुढचं ती मला नंतर सांगायची, एकदा नाही, अनेकदा, तेच तेच, तेव्हा ते माझ्याही डोळ्यांसमोर आहे.

पलीकडच्या काठावर, दुरानला जाणारी फेरीबोट धक्क्याला लागली होती. तिथून आगगाडीने कितो शहर, मग बसने सीमा ओलांडून पुढे. नदीतून जलपर्णीचे पुंजके वाहत समुद्राकडे चालले होते. नार्सिसाने चीज घालून केळ्यांचे गोळे केले होते, पानात बांधून. निलाने ते घेतले. "जाते," म्हणाली. आईने तिला जवळ घेतलं तेव्हा ती लाकडासारखी उभी राहिली, पण दूर झाली नाही, आणि शेवटी तिचा एक हात आईच्या पाठीवर आला. क्षणभरच. मग ती मैत्रिणीच्या मागे बोटीवर चढली आणि कठड्याशी येऊन उभी राहिली.

मध्ये पाण्याची एवढीशी पट्टी. नार्सिसाने सवयीने नजर बाजूला नेली, धक्क्याच्या खांबाकडे, आणि निला तिला दिसली. चांगली दिसली. पिवळा झगा, वाऱ्याने तोंडावर आलेले केस, बापासारखी रुंद हनुवटी. ती रडत होती. ही पोर, जिने आठवडाभर डोळ्यातून पाणी काढलं नव्हतं, रडत होती आणि आईकडे बघत होती. आणि आई खांबाकडे बघते आहे असं दिसल्यावर तिचे ओठ वाकडे झाले. तेही नार्सिसाला दिसलं.

आता करायचं काय? बोटीचा भोंगा वाजला. जायच्या आधी लेकीचं तोंड डोळ्यांत भरून घ्यायचं असेल तर असंच उभं राहायचं, खांबाकडे बघत. पुढे जन्मभर पुरेल एवढं. पण मग लेक काय घेऊन जाईल? मी निघतानाही आईने बघितलं नाही, एवढंच. आणि लेकीला एकदा दाखवायचं असेल की बघ गं, मी तुझ्याकडे बघते आहे, तर मान सरळ करायची, डोळे सरळ करायचे, आणि मग काळा डाग. दोन्ही मिळणार नव्हतं. एक तिचं होतं आणि एक लेकीचं.

नार्सिसाने मान सरळ केली.

निला गेली. झगा, केस, हनुवटी, सगळं त्या डागात गेलं. डागाच्या भोवती बोटीचं छप्पर, कडेला बांधलेली कोंबड्यांची खुराडी, कोणाचा तरी हलणारा हात. नार्सिसा त्या काळ्यात टक लावून बघत राहिली. हसायचा प्रयत्न केला. डोळे मोठे केले, म्हणजे लांबून कळावं. पापणी लवू दिली नाही. हात हलवावा असं वाटलं, पण हात हलवताना मान हलेल, नजर सुटेल, म्हणून तोही हलवला नाही. बोट सुटली, इंजिनाचा आवाज लांब गेला, आणि ही तशीच. बघ निला, बघ, असं ती मनात म्हणत होती, बघ, मी बघते आहे.

मान दुखायला लागली तेव्हा तिने नजर बाजूला नेली. बोट मध्यावर गेली होती. माणसं मुंगीएवढी झाली होती, पण झग्याचा पिवळा रंग एवढ्या लांबूनही कळला असता. तो कठड्याशी नव्हता. कठडा रिकामा होता.

ती कधी गेली आत? आईने मान सरळ करायच्या आधीच? की नंतर, बघून, डोळे पुसून? आईने बघितलं ते तिने बघितलं का? ते कळायचा एकच मार्ग होता, आणि तो म्हणजे तिच्या तोंडाकडे बघणं.

शेजारी एक हमाल उभा होता, टोपीने वारा घेत. नार्सिसाने त्याची बाही धरली.

"अहो, ती पिवळ्या झग्यातली मुलगी, कठड्याशी होती ती. ती आत कधी गेली?"

हमालाने तिच्याकडे बघितलं. बाई नदीकडे बघत त्याच्याशी बोलत होती.

"मला काय विचारता, बाई," तो म्हणाला. "इतका वेळ तिच्याकडे टक लावून तुम्हीच तर बघत होतात."